चेर्निहिव्हची चर्चं: भिंत अकराव्या शतकातली, टोपी अठराव्या

उत्तर युक्रेनमधल्या चेर्निहिव्ह शहरात, देस्ना नदीच्या उंच काठावर एक पांढरं कॅथेड्रल आहे. त्याचं पूर्ण नाव स्पासो-प्रेओब्राझेन्स्की. लोक नुसतं स्पास म्हणतात. फोटोत नजर आधी जाते ती दर्शनी बाजूच्या दोन मनोऱ्यांवर आणि त्यांच्या उंच टोकदार छपरांवर. खाली ओळ असते की हे कॅथेड्रल १०३०च्या दशकातलं, म्हणजे जवळजवळ हजार वर्षांचं. वाचणारा साहजिकच समजतो की ते मनोरेही हजार वर्षांचे. प्रत्यक्षात ती टोकं १७५०च्या आगीनंतर झालेल्या दुरुस्तीतली, अठराव्या शतकाच्या अखेरीची. डाव्या मनोऱ्याचा बुडखा मात्र खरोखर जुना. आणि उजवा मनोरा? जुन्या काळी त्या जागी मनोराच नव्हता, एक छोटं प्रार्थनाघर होतं. जोडी जुळावी म्हणून नंतर तिथे मनोरा उठवला.

चेर्निहिव्हमधल्या बहुतेक जुन्या वास्तूंची अशीच गत आहे. ‘हे किती जुनं?’ असं विचारलं की एका आकड्यात उत्तर मिळत नाही. कुठला भाग, ते आधी ठरवावं लागतं. गाइडबुकं ही गुंतागुंत एका ओळीत उरकतात आणि पाहणाऱ्याचा गोंधळ उडतो. खरं तर दोन-चार खुणा माहीत असल्या तर हा गुंता बऱ्यापैकी सुटतो. त्यासाठी थोडा इतिहास लागेल.

राजधानी होता होता राहिलेलं शहर

चेर्निहिव्ह कीव्हच्या ईशान्येला सुमारे १४० किलोमीटरवर आहे. जुन्या बखरीत त्याचं नाव पहिल्यांदा येतं ते ९०७ सालच्या नोंदीत. एवढं मोठं कॅथेड्रल इथे का, याचं उत्तर दोन भावांच्या भांडणात आहे. कीव्हचा राजा यारोस्लाव, ज्याला पुढे ‘शहाणा’ म्हणू लागले, आणि त्याचा भाऊ म्स्तिस्लाव. १०२४मध्ये लिस्त्वेनजवळ दोघांची लढाई झाली आणि म्स्तिस्लाव जिंकला. पण जिंकूनही त्याने भावाला निरोप पाठवला की तू थोरला आहेस, कीव्ह तूच सांभाळ. १०२६मध्ये वाटणी झाली. द्निप्रो नदीच्या पश्चिमेचा मुलूख यारोस्लावकडे, पूर्वेचा म्स्तिस्लावकडे. म्हणजे चेर्निहिव्ह अर्ध्या राज्याची राजधानी झालं, आणि राजधानी म्हटल्यावर तिला शोभेल असं कॅथेड्रल हवंच.

म्स्तिस्लावला ते पुरं झालेलं पाहता आलं नाही. १०३६मध्ये शिकारीला गेला असताना तो आजारी पडून मेला. त्याला या कॅथेड्रलमध्येच पुरलं. तेव्हा बांधकाम कुठवर आलं होतं, हे सांगताना बखरकार लिहितो की घोड्यावर उभ्या असलेल्या माणसाचा हात पोचेल एवढ्या उंचीवर भिंती आल्या होत्या. मध्ययुगातल्या इमारतीच्या अर्धवट बांधकामाची अशी मोजणी क्वचितच सापडते. या एका वाक्यामुळे स्पासच्या खालच्या भिंतींचा काळ आज जवळपास नेमका सांगता येतो. म्स्तिस्लावला वारस नव्हता, त्यामुळे त्याच्या मागे सगळं राज्य यारोस्लावकडे गेलं आणि चेर्निहिव्हची बरोबरीची राजधानी होण्याची संधी संपली. तरी पुढची दोनशे वर्षं ते बलाढ्य संस्थान राहिलं. पोलोव्त्सी नावाच्या भटक्या टोळ्यांवरच्या फसलेल्या स्वारीमुळे जुन्या महाकाव्यात अजरामर झालेला राजा इगोर शेवटी इथेच गादीवर होता.

वीट बघा, काळ कळेल

आता खुणा. पहिली खूण विटेची. अकराव्या-बाराव्या शतकातली वीट आपल्या ओळखीच्या विटेसारखी नसते. ती पातळ आणि पसरट, जेमतेम तीन-चार सेंटिमीटर जाडीची फरशीच म्हणा ना. तिला प्लिन्फा म्हणतात आणि ती विद्या बायझंटाइन साम्राज्यातून, म्हणजे कॉन्स्टँटिनोपलकडच्या कारागिरांबरोबर आली. चुन्यात विटांचा चुरा मिसळलेला असे, म्हणून सांधे गुलाबीसर दिसतात. हा चुरा, म्हणजे सुरखी, आपल्याकडच्या जुन्या चुन्याच्या बांधकामातही असायचा आणि कारणही तेच: भाजलेल्या मातीचा चुरा मिसळला की चुना ओलीतही घट्ट धरतो.

स्पासच्या भिंतीत आणखी एक गंमत आहे. विटांची एक रांग दर्शनी बाजूला, पुढची थोडी आत सरकवलेली आणि चुन्याखाली झाकलेली. त्यामुळे बाहेरून दोन विटांमधला चुन्याचा पट्टा विटेपेक्षाही रुंद दिसतो. अधूनमधून दगडांचे थर. ही पद्धत दिसली की समजायचं, अकरावं शतक. बाराव्या शतकात चेर्निहिव्हच्या कारागिरांनी ही लपवालपवी सोडली. सगळ्या रांगा एका पातळीत, वर गिलावा, आणि त्या गिलाव्यावर रेघा ओढून दगडी चिऱ्यांचा आभास. दगड दुर्मीळ होता, पण दिसायला तर हवा! सतराव्या शतकापासून मात्र जाडजूड, ठोकळ्यासारखी वीट येते.

दुसरी खूण आराखड्याची. या जुन्या चर्चचा नकाशा म्हणजे चौकोनात बसवलेला क्रूस. मधल्या चार भक्कम खांबांवर मुख्य घुमट. त्याच्या चारही बाजूंना उंच कमानदार दालनं जातात, तेच क्रूसाचे हात. कोपऱ्यांत उरलेल्या जागांवर लहान घुमट, असे स्पासला एकूण पाच. पूर्वेला अर्धगोल फुगवटे, जिथे वेदी असते. पश्चिमेला, दारावरच्या बाजूला, माडी. राजा आणि त्याचा परिवार प्रार्थनेच्या वेळी त्या माडीवर उभा राही, खालच्या गर्दीत नाही. तिथे जायचा जिना बाहेरच्या गोल मनोऱ्यात होता. वर उल्लेख केलेला डावा मनोरा तो हाच. म्हणजे मुळात तो शोभेसाठी नव्हता. राजाचा जिना होता.

स्पासशेजारीच बोरिस आणि ह्लिब या दोन संतांचं कॅथेड्रल आहे, बाराव्या शतकाच्या पूर्वार्धातलं. एकच घुमट, जाड भिंती, बाहेरून अगदी साधं. त्याचं वैभव कोरीव चुनखडीच्या खांबमाथ्यांत आहे. एकमेकांत गुंतलेल्या वेली, आणि त्यांत अडकलेले, स्वतःचीच शेपटी चावणारे विचित्र प्राणी. ख्रिस्ती धर्म येऊन शंभर-सव्वाशे वर्षंच झालेली. कारागिरांच्या हातात आधीचे प्राणी अजून जिवंत होते, असं ते कोरीव काम पाहून वाटतं.

मग कोसॅक आले

१८ ऑक्टोबर १२३९ला मंगोलांनी शहर घेतलं आणि जाळलं. पुढची चार शतकं थोडक्यात सांगतो, कारण वास्तूंच्या दृष्टीने ती उतरणीची आहेत. शहर लिथुआनियाकडे गेलं, मग मॉस्कोकडे, मग पोलंडकडे. पोलिश काळात बोरिस-ह्लिबच्या ऑर्थोडॉक्स कॅथेड्रलात कॅथलिक डॉमिनिकन साधू राहू लागले. स्पासची पडझड होत राहिली.

१६४८मध्ये पोलंडविरुद्ध कोसॅकांचा, म्हणजे इथल्या सरहद्दीवरच्या स्वतंत्र बाण्याच्या लढवय्यांचा उठाव झाला आणि द्निप्रोच्या पूर्वेला त्यांची स्वतःची राजवट उभी राहिली. तिची व्यवस्था जरा वेगळी होती. मुलूख रेजिमेंटांमध्ये वाटलेला होता, आणि रेजिमेंट म्हणजे फौज तर होतीच, शिवाय जिल्हाही. कर्नल लढाईत सरदार आणि शांततेत जिल्ह्याचा कारभारी. या कर्नलांकडे जमिनी आल्या, पैसा आला. नव्या श्रीमंतांना प्रतिष्ठा हवी असते. ती मिळवायचा मान्य मार्ग होता चर्च बांधणं, आणि त्याहून वरचा मार्ग म्हणजे प्राचीन राजांची पडकी चर्चं उभी करणं. आम्ही कुणी उपटसुंभ नव्हे, याच भूमीच्या जुन्या राजांचे वारस आहोत, हे सांगायला याहून चांगली जागा कुठली?

म्हणून सतराव्या शतकाच्या शेवटच्या पंचवीस वर्षांत चेर्निहिव्हच्या जुन्या भिंतींवर नवे घुमट चढले. आधीचे घुमट शिरस्त्राणासारखे, खाली बसलेले असत. नवे मात्र फुगीर, मध्येच गळ्यापाशी बारीक होणारे, त्यावर पुन्हा छोटा घुमट. खिडक्यांवर तुटक्या त्रिकोणांच्या चौकटी, पांढऱ्याशुभ्र भिंती. युरोपातली बरोक शैली आणि युक्रेनी लाकडी चर्चची ठेवण यांच्या मिलाफातून हे रूप घडलं. त्याला युक्रेनी किंवा कोसॅक बरोक म्हणतात.

या कामांत एक नाव वारंवार येतं, कर्नल वासिल दुनिन-बोर्कोव्स्की. स्पासची १६७५मधली दुरुस्ती त्याच्या पैशाने झाली, शहरातल्या येलेत्स्की मठालाही त्याने भरभरून दिलं. १७०२मध्ये तो मेला, त्याला मठातच पुरलं, आणि मग लोकांनी त्याच्याबद्दल काय पसरवलं? तो रक्तपिपासू पिशाच्च झाला असून रात्री काळ्या घोड्यांच्या गाडीतून थडग्याबाहेर पडतो! एवढं दान करूनही ही कीर्ती. त्याचं व्यक्तिचित्र शहराच्या ऐतिहासिक संग्रहालयात आहे. चांगला भारदस्त, मिशीवाला गृहस्थ दिसतो.

मला विचाराल तर चेर्निहिव्हचे थर समजून घ्यायला सगळ्यात उत्तम जागा हा येलेत्स्की मठच. तिथलं उस्पेन्स्की कॅथेड्रल खांद्यापर्यंत बाराव्या शतकातलं आहे आणि खांद्यावर कोसॅक बरोक. कुणी एक काळ पुसून दुसरा राखलेला नाही. मठाच्या आवारात १६८८च्या सुमाराचं एक लाकडी घरही टिकून आहे. युक्रेनच्या या भागात आगी आणि लढाया इतक्या झाल्या की तेवढं जुनं लाकडी घर उभं असणं हेच नवल.

संपूर्ण नवं कोसॅक काम बघायचं तर जुन्या किल्ल्याच्या तटावरच्या तोफांकडून दिसणारं कॅथरिनचं चर्च. १७१५मध्ये त्याचं पवित्रीकरण झालं. लिझोहुब घराण्याने ते बांधलं. १६९६मध्ये अझोव्हचा किल्ला घेताना कोसॅकांनी जो पराक्रम केला, त्याची आठवण म्हणून, असं परंपरा सांगते. पाच घुमट, सोन्याची टोकं, आणि चारही बाजूंनी जवळपास सारखं. आत आधाराला एकही मोकळा खांब नाही. हेच लिझोहुब घराणं किल्ल्याच्या आतल्या विटांच्या देखण्या घराचंही मालक. ते घर पुढे रेजिमेंटची कचेरी झालं. लोक मात्र त्याला ‘माझेपाचं घर’ म्हणत आले.

इव्हान माझेपा हा कोसॅकांचा हेतमान, म्हणजे सर्वोच्च प्रमुख. १७०८मध्ये त्याने रशियाचा झार पीटर याची साथ सोडून स्वीडनचा राजा चार्ल्स याच्याशी हातमिळवणी केली. पीटरच्या हुकमावरून चर्चने त्याला शाप दिला आणि पुढची दीडशेहून अधिक वर्षं रशियन साम्राज्यातल्या चर्चमध्ये तो शाप वाचला जाई. पण बोरिस-ह्लिब कॅथेड्रलात वेदीपुढे लावायला त्याने दिलेलं चांदीचं कोरीव दार टिकलं. जर्मनीतल्या आउग्सबुर्गला घडवलेलं, सुमारे ५६ किलो वजनाचं. पाया खणताना चांदीची एक जुनी मूर्ती सापडली आणि ती वितळवून हे दार केलं, अशी दंतकथा आहे.

नदीकाठाने पुढे बोल्दिनी टेकड्यांवर ट्रिनिटी कॅथेड्रल आहे. तेही सतराव्या शतकाच्या अखेरचं, व्हिल्नियसहून बोलावलेल्या वास्तुकाराने बांधलेलं. त्याच्या ५८ मीटर उंच घंटाघरावरून सगळं शहर दिसतं. टेकडीच्या पोटात मात्र शहरातली सगळ्यात विलक्षण जागा आहे, अंतोनीची भुयारं. कीव्हचा प्रसिद्ध गुहामठ ज्याने सुरू केला तोच हा साधू अंतोनी. कीव्हच्या राजाची मर्जी गेली, तेव्हा चेर्निहिव्हच्या राजाने त्याला आसरा दिला, आणि १०६९मध्ये त्याने इथेही गुहा खणायला घेतली. पुढच्या शतकांत ती वाढत गेली. आता सुमारे साडेतीनशे मीटरची भुयारं आहेत, त्यांत जमिनीखालची चर्चं आहेत. आत उन्हाळ्यातही गारठा असतो.

बाँबने उघडं पाडलेलं चर्च

आता या शहरातल्या सगळ्यात वादाच्या वास्तूकडे येऊ. जुन्या बाजाराच्या जागी प्यात्नित्स्का चर्च आहे. व्यापाऱ्यांची रक्षक मानली जाणारी संत परास्केवा, तिचं हे चर्च. बाराव्या शतकाच्या शेवटी किंवा तेराव्याच्या सुरुवातीला बांधलेलं. कोसॅक काळात तेही बरोक रूपात गेलं आणि तीनशे वर्षं लोकांनी ते तसंच पाहिलं. १८४६मध्ये कवी-चित्रकार तरास शेव्चेन्को इथल्या जुन्या वास्तूंची चित्रं काढायला सरकारी आयोगातर्फे शहरात आला होता. त्यालाही बाराव्या शतकातलं प्यात्नित्स्का दिसणं शक्य नव्हतं. ते गिलाव्याआड होतं.

ऑगस्ट १९४१मधल्या जर्मन बाँबहल्ल्यांत चेर्निहिव्हचं मध्य शहर जळालं. सप्टेंबर १९४३मध्ये, शहर जर्मनांच्या हातून सुटलं त्या सुमारास, आणखी हल्ले झाले आणि त्यांत प्यात्नित्स्का कोसळलं. काही महिन्यांतच मॉस्कोहून जीर्णोद्धाराचे जाणकार प्योत्र बारानोव्स्की तिथे आले. ढिगाऱ्यात उभ्या राहिलेल्या भिंतींचा गिलावा उडाला होता आणि आतली मूळ वीट उघडी पडली होती. बारानोव्स्कींच्या लक्षात आलं की हे नेहमीच्या घडणीचं चर्च नव्हतंच.

नेहमीच्या रचनेत घुमटाला पेलणाऱ्या कमानी भोवतालच्या छताच्या पातळीवर किंवा त्याखाली असतात. इथे त्या पायरीपायरीने वर चढत होत्या. त्यामुळे बाहेरून छतावर अर्धगोल कमानींच्या एकावर एक तीन रांगा दिसत आणि वर सडपातळ घुमट. सगळी इमारत वर झेपावल्यासारखी. अशी रचना मॉस्कोच्या परिसरात चौदाव्या-पंधराव्या शतकात दिसते आणि ती तिकडचीच मानली जाई. चेर्निहिव्हमध्ये ती मंगोल स्वारीच्याही आधीची निघाली. वास्तूच्या इतिहासाचं एक पान त्या ढिगाऱ्यामुळे बदलावं लागलं.

बारानोव्स्कींनी कोसॅक रूप परत उभं केलं नाही. जुन्या मापाच्या पातळ विटा नव्याने भाजून घेतल्या आणि बाराव्या शतकातलं चर्च बांधलं. काम १९६२मध्ये पुरं झालं. आज आपण पाहतो ते लालसर विटांचं, गिलावा नसलेलं प्यात्नित्स्का त्यांचं आहे. त्याच सुमाराला शेजारच्या बोरिस-ह्लिबवरचेही बरोक थर उतरवून त्याला बाराव्या शतकाचं रूप दिलं गेलं.

हे बरोबर झालं का? तज्ज्ञांत यावर दोन मतं आहेत आणि दोन्हींत तथ्य आहे. एक बाजू म्हणते, बरोक भाग बाँबने तसाही गेलाच होता, आणि उरलेल्या अवशेषांत जगाला माहीत नसलेली रचना दडली होती. ती दाखवणंच योग्य. दुसरी म्हणते, तीनशे वर्षं लोकांनी जे चर्च वापरलं, ज्यावर कोसॅकांनी पैसा ओतला, तेही खरंच होतं. एक काळ अस्सल आणि दुसरा भेसळ, हे ठरवणारे आपण कोण? मला प्यात्नित्स्काच्या बाबतीत पहिली बाजू पटते, कारण तिथे काढून टाकायला फारसं उरलंच नव्हतं. बोरिस-ह्लिबबद्दल मात्र तेवढी खात्री वाटत नाही. तिथे शाबूत राहिलेला इतिहासही हातासरशी गेला असावा. पाहणाऱ्याने एवढं लक्षात ठेवलं तरी पुरे की प्यात्नित्स्काची बरीचशी वीट विसाव्या शतकातली आहे आणि आकार बाराव्या.

संग्रहालयांची वाटणी

येलेत्स्की मठाजवळ ‘काळी कबर’ नावाचा मातीचा उंच ढिगारा आहे. दहाव्या शतकातल्या, ख्रिस्ती होण्याआधीच्या कुणा मोठ्या सरदाराची ही समाधी. १८७२-७३मध्ये द्मित्रो सामोक्वासोव्ह यांनी तो खणला. तलवारी, शिरस्त्राणं, बायझंटाइन सोन्याचं नाणं आणि चांदीने मढवलेली रानबैलाची दोन शिंगं निघाली. शिंगांवरच्या चांदीत कोरलेले प्राणी बोरिस-ह्लिबच्या खांबांवरच्या प्राण्यांचे पूर्वज म्हणावेत असे आहेत. पण हे सगळं चेर्निहिव्हमध्ये नाही, मॉस्कोच्या इतिहास संग्रहालयात आहे. ढिगारासुद्धा उत्खननानंतर पुन्हा रचलेला.

शहराचं ऐतिहासिक संग्रहालय १८९६मध्ये सुरू झालं आणि त्याला वासिल तार्नोव्स्कीचं नाव आहे. काचानिव्का इथला हा जमीनदार. त्याने आयुष्यभर कोसॅकांच्या तलवारी, गालिचे, दस्तऐवज आणि शेव्चेन्कोची हस्तलिखितं, चित्रं गोळा केली आणि ती चेर्निहिव्हला दिली. १९०२मध्ये त्याच्या संग्रहाचं वेगळं संग्रहालय उघडलं. सोव्हिएत काळात दोन्ही संग्रह एक झाले, शेव्चेन्कोच्या वस्तू कीव्हला नेल्या गेल्या, आणि तार्नोव्स्कीच्या संग्रहालयाची टुमदार इमारत पुढे वाचनालय झाली. २०२२च्या रशियन वेढ्यात, ११ मार्चला, विमानातून पडलेल्या बाँबने तिचा मोठा भाग उद्ध्वस्त केला. स्पास आणि प्यात्नित्स्का मात्र वेढ्यानंतरही उभे होते.

त्यामुळे चेर्निहिव्हची चर्चं पाहायला शहर फिरलं की पुरतं, पण तिथे निघालेल्या आणि जमवलेल्या वस्तू पाहायच्या तर तीन शहरं लागतात: कोसॅकांचं सामान चेर्निहिव्हमध्ये, शेव्चेन्को कीव्हमध्ये आणि काळी कबर मॉस्कोत.